दुसरा प्रश्न

९ जानेवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस. जुन्या ठिकाणी साबणाच्या वेष्टनावर ‘सौम्य’ छापायचं की ‘मुलायम’ यावर आम्ही आठवडा आठवडा भांडायचो. इथेही काम तेच, फक्त साबणाच्या जागी सरकार. सरकारला काही करायचं असलं की ते कुठल्या शब्दांत सांगितल्यावर लोकांच्या पचनी पडेल, हे आधी फोनवरून चाचपून बघायचं. प्रश्न लिहिणं माझ्याकडे. फोन लावायला पलीकडच्या खोलीत मुली आहेत, पण सुरुवातीला मीही थोडे फोन करायचे, म्हणजे कान तयार होतो, असं साहेब म्हणाले.

साहेब आवडले मला. चष्मा काढून पुसत पुसत बोलतात, आवाज कधी चढवत नाहीत. म्हणाले, “आपण कुणाला काही पटवत नाही, बाई. लोकांच्या मनात आधीच असतं. त्याला हाक मारायला फक्त नाव शोधतो.” घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत होतं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे मापं घ्यायचंच काम की. गिऱ्हाईक बघून कापड बेतायचं.” जन्मभर लोकांचे शर्ट शिवले, त्यांना राज्यकारभारातसुद्धा बाह्या आणि कॉलरच दिसणार.

१५ जानेवारी

साबणापासूनची आमची घरची पद्धत इथेही चालू ठेवली आहे. नवा प्रश्न लिहिला की पहिल्यांदा बाबांना विचारायचा. संध्याकाळी मी स्टूल ओढून समोर बसते. ते खुर्चीत, दुखरा पाय उशीवर. आधी शर्टाचं वरचं बटण लावतात, घसा साफ करतात आणि मला चक्क अहोजाहो करून म्हणतात, “विचारा, बाई.” मग मी अनोळखी आवाज काढते. मधे हसायचं नाही, हा नियम. मीच हसते दर वेळी.

आज विचारलं, बागेतल्या दुरुस्तीला ‘सुधारणा’ म्हणावं की ‘नूतनीकरण’? म्हणाले, “बाकं मोडलीत ती नीट करा आणि मग काय हवं ते म्हणा.” हे उत्तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पायाची जखम अजून भरत नाही. शुगर आहे, वेळ लागणारच. सरकारच्या घरभेट योजनेतली सिस्टर एक दिवसाआड येते, जखम धुते, ड्रेसिंग करते. दारातूनच ओरडते, “काय मास्तर, पळायला लागलात की नाही?” ती नसती तर माझं काही खरं नव्हतं. मला जखम बघवत नाही. लहानपणी माझं गुडघ्याचं खरचटलेलंही बाबाच डोळे मिटायला सांगून पुसायचे. आजही सिस्टर पट्टी सोडायला लागली की मी ओट्याकडे जाऊन उगाच भांडी वाजवते.

२ फेब्रुवारी

आज नवं काम मिळालं. घरभेट योजना आवरती घ्यायची आहे. एकदम बंद नाही, कमी कमी करत न्यायची. त्यासाठी शब्द हवेत.

मी साहेबांना सरळ सांगितलं, की माझ्या वडिलांकडे याच योजनेतली सिस्टर येते. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, “मग तुमच्याइतकं हे कुणाला कळणार? आणि खऱ्या गरजूंच्या केसालाही धक्का लागणार नाही. तुमचे वडील खरे गरजू आहेत.”

‘खरे गरजू.’ ऐकलं आणि बरं वाटलं. बसमध्ये मात्र विचार करत होते, की खोटे गरजू कोण असतात, आणि मला आजवर एक तरी भेटलाय का. असतील. सगळीच माणसं मला थोडीच भेटली आहेत?

७ फेब्रुवारी

दोन प्रश्न तयार झाले. पहिला: ‘घरभेटींमुळे सर्वांवर पडणारा भार हलका करावा, असे आपल्याला वाटते का?’ दुसरा: ‘आजारी आणि वृद्ध माणसांच्या घरी परिचारिका जात राहावी, असे आपल्याला वाटते का?’ गोष्ट एकच. निम्म्या लोकांना पहिला विचारायचा, निम्म्यांना दुसरा. एकाच माणसाला दोन्ही विचारायचे नाहीत, हा आमच्या कामातला मोठा नियम. दुसरा ऐकला की पहिल्याचं उत्तर नासतं.

संध्याकाळी बाबा बटण लावून बसले. “विचारा, बाई.”

मी पहिला विचारला.

एरवी ते चटकन काहीतरी टोला हाणतात. आज बराच वेळ पायाकडे बघत बसले. मला वाटलं डुलकी लागली. मग म्हणाले, “करावा. माणसानं कुणावर भार होऊ नये.” आणि बटण काढून टाकलं.

मी टाळीच वाजवली! योजनेचा फायदा ज्यांना स्वतःला मिळतो तेसुद्धा ‘करावा’ म्हणतात, म्हणजे प्रश्न किती चपखल बसलाय. बाबांना म्हटलं, तुम्ही पास. ते हसले. जेवण थोडं टाकलं त्यांनी, पण भाजी माझ्याकडूनच खारट झाली होती.

१९ फेब्रुवारी

निकाल लागला. दुसरा प्रश्न ऐकणारे जवळपास सगळे म्हणतात, परिचारिका गेलीच पाहिजे, काय विचारता? पहिला ऐकणारे तितक्याच जोरात म्हणतात, भार हलका करा, कधीचा करायला हवा होता. तीच गावं, त्याच वयाची, त्याच मिळकतीची माणसं.

गंमत म्हणजे एका बाईंना चुकून दोनदा फोन गेला. सकाळी एका मुलीला त्या म्हणाल्या, भार कमी कराच. दुपारी दुसरीला म्हणाल्या, सिस्टर यायलाच हवी, माझ्या सासूकडे येते ना! दोन्ही वेळा अगदी मनापासून. खोली हसून हसून लोळली. मीही हसले, मग मला त्या बाईंची लाज वाटली, की माझी, ते काही नीट कळलं नाही.

साहेब म्हणाले, “भार हा तुमचा शब्द. आता तो वर जाईल.” मी घरी येताना बाबांसाठी नवा मऊ टॉवेल घेतला.

३ मार्च

वाईट दिवस. नळ गळतोय, इस्त्री बिघडली, साहेबांना उद्याच्या उद्या घोषवाक्यं हवीत आणि दादाचा फोन, की यंदाही यायला जमणार नाही. त्याचं गाव काय चंद्रावर आहे का? मी तडकलेच. म्हटलं, “तू फक्त फोन कर. इथे सगळा भार माझ्या एकटीच्या डोक्यावर.” तो म्हणाला, अगं हळू, बाबा ऐकतील. म्हटलं, ते झोपलेत.

झोपलेच होते. रेडिओ तेवढा बंद केलेला होता, तो ते झोपताना कधी बंद करत नाहीत.

६ मार्च

आज माझं वाक्य रेडिओवर! मंत्री स्वतः म्हणाले, “चला, भार हलका करूया.” पुढे आवाहन, की ज्यांना शक्य आहे त्यांनी मोठ्या मनानं आपणहून घरभेटी सोडाव्यात. बाबांनी आवाज वाढवला. “हे तुझं ना?” मी मान हलवली. ते खुर्चीत ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले, शाळेत माझं नाव पुकारलं की बसायचे तसे. मग म्हणाले, “मंत्र्याच्या तोंडी माझ्या पोरीचा शब्द. तुझ्या आईला ऐकवायला हवं होतं गं.”

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. किती दिवसांनी घरात असं काही चांगलं घडलं.

१२ मार्च

शब्द कसा पसरतो, बघून थक्क व्हायला होतं. दुकानाच्या रांगेत एक म्हातारी पिशवीत काहीतरी शोधत होती. मागचा माणूस म्हणाला, “या लोकांचाच भार झालाय सगळ्यांवर.” महिन्यापूर्वी तो फार तर ‘आटपा हो आजी’ म्हणाला असता. दोघंतिघं हसले. म्हातारीनं काही न घेताच पिशवी मिटली आणि बाजूला झाली.

मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण शब्द माझाच होता. आजचं एवढंच, पुढे लिहवत नाही.

२० मार्च

सिस्टर हल्ली पट्टी फार सुबक करते. पूर्वी कसंही गुंडाळलेलं असायचं, दोरे लोंबायचे. आता कडा आत दुमडलेल्या, अगदी घडीदार. बाबांना म्हटलं तर म्हणाले, “हात बसलाय तिचा.”

माझी गाठ पडत नाही तिची. बाबा म्हणतात, वेळ बदलली, मी कामावर असताना येते. “काय म्हणते?” विचारलं. “काय म्हणणार? जेवढा हात चालतो तेवढं तोंड.” शिलाई मशीनवरची धूळ पुसलेली दिसली. पुन्हा शिवायची हौस आली असेल, म्हणजे बरं वाटतंय.

१ एप्रिल

बाबांचा पांढरा सुती शर्ट कपाटात सापडला नाही. स्वतःसाठी शिवलेला शेवटचा. विचारलं तर म्हणाले, जुना झाला होता, दिला एकाला. कुणाला, ते सांगितलं नाही.

खोलीत कसलासा वास येतोय. ते म्हणतात, खिडकी बंद होती. मी फिनेलनं फरशी पुसून घेतली. संध्याकाळी नवे प्रश्न घेऊन बसले तर म्हणाले, “आज नको, बाई,” आणि हसले. बाई म्हणाले म्हणून मीही हसले. थोडं अंग गरम होतं त्यांचं. उन्हाळा आहे.

९ एप्रिल

साहेबांनी सगळ्यांना पेढे दिले. आवाहनाला मान देऊन कितीतरी लोकांनी आपणहून घरभेटी सोडल्या. कुणी जबरदस्ती केलेली नाही, कुणाचं नाव कापलेलं नाही. “एका शब्दाचं काम,” साहेब म्हणाले आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे हात केला.

कोण असतील ही माणसं? स्वतःच्या हक्काचं सोडायला मन केवढं मोठं लागतं. मला त्यांतलं एखादं घर बघायला आवडेल. पेढा बाबांसाठी चोरून आणला, इवलासा तुकडा चालतो त्यांना. त्यांनी तोही खाल्ला नाही.

१७ एप्रिल

झालं तसं लिहिते.

औषधाच्या दुकानात सिस्टर भेटली. मला बघून खुलली. “मास्तर कसे आहेत? जखम भरली ना सगळी?”

मी म्हटलं, “तुम्हीच बघता ना?”

ती बघतच राहिली. “मी कुठे? मार्चपासून आलेच नाही मी. ते म्हणाले, आता बराय, मुलगी शिकलीय ड्रेसिंग करायला. मी म्हटलं, एकदा तिच्याशी बोलते. तर म्हणाले, ती कामात असते, तिला नका अडवू. वरून आम्हाला सांगितलेलंच आहे, कुणी आपणहून सोडत असेल तर आग्रह करायचा नाही.” मग तिचा चेहरा उतरला. “ताई, तुम्ही करता ना?”

मी धावत सुटले. पिशवी तिथेच राहिली.

बाबा मशीनवर वाकून बसले होते. पांढऱ्या शर्टाची उरलेली बाही हातात. तिच्या पट्ट्या कापून, कडा दुमडून, टीप मारत होते. कपाटाच्या आत दोरी बांधून धुतलेल्या पट्ट्या वाळत घातलेल्या, मला दिसू नयेत म्हणून. मी खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. ते म्हणाले, “अगं नको, तुला बघवणार नाही.”

मी पट्टी सोडली. बघितलं. या वेळी डोळे मिटायला कुणी सांगितलं नाही.

१८ एप्रिल

हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, विष अंगात पसरलंय. पाय काढण्याच्याही पलीकडे गेलंय बहुतेक. “इतके दिवस जखम कुणी पाहिली नाही?” त्यांनी साधंच विचारलं. मी म्हटलं, नाही.

दादाला कळवलं. दोन वाक्यांत. तो निघाला.

१९ एप्रिल

दुपारी बाबा शुद्धीवर होते. मी खूप रागावले त्यांच्यावर. आजारी माणसावर, पलंगाची कड धरून. म्हटलं, “खोटं का बोललात माझ्याशी? रोज? तोंडावर?”

ते म्हणाले, “तू एवढ्या लोकांना विचारत फिरणार, भार हलका करा म्हणून. आणि तुझ्याच घरात सिस्टर येतेय. उद्या कुणी उलट विचारलं असतं तर काय तोंड दाखवलं असतंस? सुरुवात घरापासून नको का?”

“पण तुम्ही खरे गरजू होता, बाबा.” माझ्या तोंडून हेच बाहेर पडलं. साहेबांचं वाक्य, त्यांच्याच आवाजात.

“सगळ्यांना तसंच वाटत असणार गं,” ते म्हणाले. पुढे म्हणाले, “तू मला विचारलंस तेव्हा मला आधी कळेचना, की कुणाबद्दल विचारतेय. मग लक्षात आलं. म्हटलं, पोरीला सरळ बोलता येत नाही, म्हणून प्रश्न करून आणलाय.”

मी किती वेळा सांगितलं. की नाही, बाबा, तो सगळ्यांसाठीचा प्रश्न होता, तुमच्याबद्दल नव्हता, तुमच्याबद्दल कधीच नव्हता. ते मान हलवत राहिले, लहानपणी माझी थाप ऐकून हलवायचे तशी. त्यांना पटलं नाही. लोकांना काय पटतं, हे शोधणं माझं काम आहे आणि मला माझ्या बापाला हे एवढं पटवता आलं नाही.

२२ एप्रिल

दादा आलाय. खाली चहा प्यायला गेला होता. बाबा अर्धवट जागे. हात उचलून गळ्याशी काहीतरी चाचपत होते. मला कळेना, मग लक्षात आलं, वरचं बटण. हॉस्पिटलच्या अंगरख्याला बटणच नसतं. मी दोन्ही कडा धरून गळ्याशी जुळवल्या.

“विचारा, बाई,” ते म्हणाले. ओठ नुसते हलले.

एकाच माणसाला दोन्ही विचारायचे नाहीत. मी दुसरा विचारला. अनोळखी आवाज काही निघाला नाही, माझाच निघाला. “आजारी आणि वृद्ध माणसांच्या घरी परिचारिका जात राहावी, असं तुम्हाला वाटतं का?”

त्यांनी विचारलं, “कुणाच्या घरी?”

मी म्हटलं, “एक टेलरमास्तर आहेत. पाय दुखतोय त्यांचा. एक मुलगी आहे, तिला जखम बघवत नाही.”

“मग जावी की,” बाबा म्हणाले. “हे काय विचारणं झालं?”

आणि डोळे मिटले. त्यानंतर बोलले नाहीत.

२४ एप्रिल

सकाळी गेले.

६ मे

माणसं येऊन जातात. साहेबही आले. बाहेरच्या खोलीत बाबांच्या खुर्चीवर बसणार होते, दादानं दुसरी पुढे केली. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. म्हणाले, हवी तेवढी रजा घ्या. मी म्हटलं, मी येणार नाही आता. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

राग यायला हवा होता त्यांचा. आला नाही. तो शब्द त्यांनी नव्हता शोधला.

सिस्टर आली. तिचं काम पुढच्या महिन्यापासून बंद होतंय. ती मशीनजवळ बसून खूप रडली. तिथे अजून पट्ट्या पडल्या आहेत, एका मापाच्या, एकही टीप वाकडी नाही. मी त्या कपाटात ठेवलेल्या नाहीत, टाकवतही नाहीत.

आज वरच्या मजल्यावरच्या काकू बसायला आल्या होत्या. फार मायाळू बाई. बाबांनी त्यांच्या मुलांचे शाळेचे शर्ट शिवले होते. माझा हात हातात घेऊन पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग डोळे पुसत अगदी मनापासून म्हणाल्या, “भाग्यवान हो तुझे बाबा. शेवटपर्यंत कुणावर भार नाही झाले.”

दादा मान हलवत होता. बाकीचेही. चांगलंच बोलल्या होत्या त्या, बाबांचं कौतुकच करत होत्या.

“व्हायला हवे होते, काकू,” मी म्हटलं. “मला चाललं असतं.”